मुलाबाळांसकट एक रात्र जंगलाच्या कडेला: इंदूरजवळ चोरलच्या बाजूला पहिलं कॅम्पिंग कसं जमवायचं

डिसेंबरात इंदूरला पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि सकाळी सातला उगवतो. म्हणजे सव्वातेरा तासांची रात्र. कॅम्पिंगचं नाव काढलं की लोक टेंट कुठला घ्यायचा ह्यावर दोन-दोन तास डोकं खातात, ग्रुपवर लिंका टाकत बसतात, पण ह्या सव्वातेरा तासांचं काय करायचं ते कोणी बोलत नाही आणि सगळा घोळ नेमका तिथेच होतो. दिवसा काय हो, दिवसा कुठेही मजाच येते.

आम्ही इंदूरच्या राजेंद्र नगरची तीन कुटुंबं, सहा मोठे, पाच पोरं (सगळ्यात लहान चार वर्षांचं, मोठी तेरा), आणि आमच्या सासूबाई, ज्या पहिल्या वेळी निघायच्या दिवशी सकाळी म्हणाल्या, मी एकटी घरी बसून काय करू, मी पण येते. ती पहिली ट्रिप म्हणजे निव्वळ फजिती. जेवून निघू म्हणता म्हणता दोन वाजले, खंडवा रोडवरच्या भेरूघाटात ट्रकांच्या मागे अडकलो, पोचलो पाच वाजता, अर्ध्या तासात उजेड जायला लागला आणि तीन टेंट मोबाईलच्या टॉर्चवर उभे केले. काडेपेटी तिन्ही घरांनी "दुसरे आणतील" म्हणून आणली नव्हती. जागा दिसायला सपाट होती पण उतार होता, त्यामुळे मध्यरात्री आम्ही चौघं घरंगळत एका कोपऱ्यात गोळा झालो. सासूबाईंनी रात्र गाडीत काढली आणि अजूनही कोणी पाहुणे आले की तो किस्सा निघतोच. त्यानंतर चार वेळा गेलो, सासूबाई प्रत्येक वेळी आल्या, आता त्यांचाच उत्साह जास्त असतो. तर हे सगळं ठेचा खाऊन शिकलेलं आहे.

तारीख कशी काढायची

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारी संपेपर्यंत, बस. डिसेंबरचा शेवट आणि जानेवारीची सुरुवात सगळ्यात थंड, शहरातच पारा पाच-सातापर्यंत उतरतो आणि उघड्यावर ती थंडी अजून चावते, म्हणून पोरं लहान असतील तर नोव्हेंबरचा शेवट किंवा फेब्रुवारी धरा. मार्चनंतर सागाची पानं गळून सगळीकडे पापडासारखा पाचोळा होतो, नाले आटतात, आगीची भीती वाढते.

आणि पावसाळ्यात मुक्काम अजिबात नाही. हिरवंगार दिसतं, फोटो छान येतात, सगळं खरं, पण चोरल नदी असो की पातालपाणीचा धबधबा, तुमच्या डोक्यावर थेंब नसताना वरच्या डोंगरात झालेला पाऊस एकदम खाली येतो. २०११ च्या जुलैमध्ये पातालपाणीला एक कुटुंब असंच प्रवाहाच्या मधोमध अडकून वाहून गेलं होतं, त्याचा व्हिडिओ इंदूरमध्ये बहुतेकांनी पाहिलेला आहे. तरी दर पावसाळ्यात लोक तिथेच खडकावर चटया टाकून बसतात. जायचं तर दिवसा जा, लांबून बघा, भुट्टा खा, परत या.

आता चंद्र. हे आम्हाला तिसऱ्या ट्रिपला सुचलं. कालनिर्णय उघडा आणि शुद्ध अष्टमी ते पौर्णिमा ह्यांच्यामध्ये पडणारा शनिवार शोधा. ह्या दिवसांत अंधार पडतो तेव्हा चंद्र आधीच वर आलेला असतो किंवा निदान उगवत असतो, म्हणजे संध्याकाळचे सगळ्यात गडबडीचे तास फुकटच्या उजेडात जातात आणि पोरं घाबरत नाहीत. पौर्णिमा उलटली की चंद्र रोज उशिरा उगवतो, तेव्हा त्याचा काही उपयोग नाही. तारे बघायला अमावस्या उत्तम हे बरोबर, पण ते तिसऱ्या-चौथ्या वेळी.

पहिल्यांदा एकच रात्र. दोन रात्रींचा प्लॅन केला की सामान तिप्पट होतं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्यांची तोंडं सुजलेली असतात.

जागा, म्हणजे अर्धं काम

जंगलात नाही, जंगलाच्या कडेला. हा फरक नीट समजून घ्या. राखीव जंगलात परवानगीशिवाय घुसणं आणि आग पेटवणं १९२७ च्या भारतीय वन कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, वनरक्षक येऊन रात्री अकराला सामान उचलायला लावेल तेव्हा पोरांना घेऊन कुठे जाणार. त्यापेक्षा सिमरोलच्या पुढे खंडवा रोडवर चोरलच्या बाजूला कितीतरी शेतकऱ्यांची शेतं जंगलाला लागून आहेत, तिथे विचारून, पैसे ठरवून राहा. इंदूरपासून चाळीसेक किलोमीटर, म्हणजे काही बिघडलं तर रात्रीसुद्धा घरी परतता येतं, आणि पहिल्या वेळी डोक्याला ह्याच गोष्टीचा सगळ्यात जास्त आराम असतो. ज्यांना इतकीही जोखीम नको त्यांनी चोरल डॅमला एमपी टुरिझमच्या रिसॉर्टमध्ये एक रात्र राहून बघावं, किंवा सरळ इंदिरा सागर धरणाकाठच्या हनुवंतियाला तयार तंबूत जावं. पण ते हॉटेलच झालं, कापडी भिंतींचं.

महूच्या आसपास जायचं असेल तर एक लक्षात ठेवा, तिकडे आर्मीच्या फायरिंग रेंज आहेत. नकाशात मोकळं हिरवं मैदान दिसलं म्हणून गाडी घालायची नाही, आणि जमिनीवर पडलेला कुठलाही धातूचा तुकडा पोरांनी उचलायचा नाही. जानापावचा डोंगरही मुक्कामाला नको, दिवसा चढायला मात्र झकास आहे. चंबळ तिथून निघते, आणि एवढीशी कुंडातली नदी पुढे बीहड करते हे पोरांना सांगायला मजा येते.

आधी एका रविवारी दिवसा जाऊन जागा बघून या. शेतकरी दादांना राम राम करा, चहा प्या, घाई करू नका. तीन गोष्टी विचारा: रात्री इकडे कुठलं जनावर येतं, विहिरीचं पाणी वापरायला चालेल का, आणि मोबाईलला रेंज कुठे उभं राहिल्यावर मिळते. ही तिसरी गोष्ट स्वतः उभं राहून तपासा. आम्हाला एका जागी फक्त बैलगाडीवर चढल्यावर रेंज येत होती.

जमीन बघताना पाण्याची बाटली आडवी ठेवा, घरंगळली तर उतार आहे. (बघा, पहिल्या वेळी एवढं केलं असतं तर!) नदीच्या पात्रात किंवा नाल्याच्या वाळूत टेंट कधीच नाही, आणि अगदी काठावरसुद्धा नको, कारण थंड हवा रात्रभर खोलगट भागात साचते आणि दव इतकं पडतं की सकाळी टेंट धुतल्यासारखा असतो. काठापासून थोडं वर, पंधरा-वीस फूट चढावर गेलात तरी फरक जाणवतो. वर मान करून बघा: वाळलेली फांदी आहे का, मधमाशांचं पोळं आहे का. आग्या मोहोळाखाली शेकोटी पेटवली तर काय होईल ते मी सांगायला नको. आणि माती. माळव्याची काळी माती ओली असली की लोण्यासारखी आणि वाळली की दगड, टेंटबरोबर येणारे ते काडीसारखे खुंटे हिच्यात वाकतात. लोहाराकडून किंवा हार्डवेअरवाल्याकडून आठ-दहा इंची जाड खिळे घ्या, एका टेंटला बारा, आणि एक छोटा घण.

सामानाचं

टेंटच्या खोक्यावर "४ माणसं" लिहिलेलं असतं ती चार माणसं बहुतेक सरळ काठीसारखी झोपतात. चारच्या टेंटमध्ये दोन मोठे आणि एक लहान पोर, फार तर दोन. पहिल्या वेळी विकत घेऊ नका, भाड्याने आणा, पण आणल्या दिवशी गच्चीवर उघडून पूर्ण उभा करून बघा. झिप दोन्ही बाजूंनी चालते का, काठ्या सगळ्या आहेत का, वरचं पावसाचं कव्हर आहे का. आणि त्याच रात्री पोरांना गच्चीवर त्यातच झोपवा. ही रंगीत तालीम टाळू नका, आमच्या धाकट्याने पहिल्या रात्री गच्चीवर दोन वाजता "मला घरात जायचंय" केलं होतं, ते गच्चीवर झालं म्हणून बरं, दुसऱ्या रात्री मात्र आरामात झोपला.

टेंटखाली अंथरायची तिरपाल टेंटपेक्षा चारही बाजूंनी चार बोटं लहान हवी. मोठी असली की कडेवर पडलेलं दव वाहत वाहत टेंटच्या खाली शिरतं. लोक नेमकं उलट करतात, मोठी तिरपाल म्हणजे जास्त सुरक्षित असं वाटतं.

थंडी खालून येते. हे वाक्य मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. दोन-दोन रजया अंगावर घेऊन माणूस कुडकुडतो कारण खाली नुसती चटई असते. पहिले तिरपाल, टेंटच्या आत सतरंजी, तिच्यावर फोमची शीट किंवा जुनी पातळ गादी, त्यावर गोधडी, आणि मग अंगावर एकच रजई पुरते. आजीच्या हातच्या जाड गोधड्या असतील तर त्या खाली घाला, वर नाही. कानटोपी आणि कोरडे मोजे झोपताना वेगळे, दिवसभर घातलेले मोजे घामाने ओलसर असतात, त्यात पाय रात्रभर गार राहतात. पोरांच्या पायाशी स्टीलच्या बाटलीत गरम पाणी, झाकण घट्ट, वरून मोजा चढवून. सासूबाईंसाठी फोल्डिंग पलंग नेतो, त्यांना खाली बसून उठता येत नाही, आणि खरं सांगू का, बारा माणसांत त्यांचीच झोप सगळ्यात चांगली होते.

उजेड: प्रत्येक पोराच्या गळ्यात स्वतःचा टॉर्च आणि शिट्टी. मोठ्यांना डोक्यावर बांधायचे टॉर्च, कारण स्वयंपाक करताना हात मोकळे लागतात. एक मोठा दिवा स्वयंपाकापाशी, एक छोटा शौचाच्या वाटेवर, रात्रभर चालू. ही सगळी खरेदी इंदूरच्या रानीपुरा बाजारात एका फेरीत होते, दोरी, तिरपाल, बादल्या, सगळं.

काडेपेटी. तीन ठिकाणी ठेवा. एक प्लास्टिकच्या डबीत.

पाणी

पिणं आणि स्वयंपाक मिळून माणशी दिवसाला चार लिटर धरा. आम्ही बारा जण, दीड दिवस, म्हणजे बहात्तर लिटर, म्हणून वीस लिटरचे चार जार. हात-तोंड, भांडी, शौच ह्यासाठी विहिरीचं पाणी मिळालं तर उत्तम, नाहीतर अजून तीन जार. जड होतं, गाडीत जागा जाते, कुरकुर होते, पण पाणी कमी करू नका. नळ उघडला की नर्मदा येते अशी सवय झालेल्या अपण इंदूरकरांना एक पातेलं धुवायला किती पाणी जातं ह्याचा अंदाजच नसतो. जाराला तोटी लावून तो दगडावर किंवा डिकीच्या काठावर ठेवा, पोरं निम्मं पाणी सांडतात ते वाचतं. भांडी आधी राखेने किंवा कागदाने पुसून घ्यायची, मग धुवायची.

नदीत साबण नाही. अजिबात नाही.

शनिवारचं वेळापत्रक

सकाळी आठला गाड्या निघाल्या पाहिजेत, म्हणजे तुमच्या भाषेत नऊला निघाल. भेरूघाटाच्या आधीच नाश्ता उरका. साडेदहा-अकरापर्यंत जागेवर. पहिलं काम टेंट, फिरणं-बिरणं नंतर. टेंटची दारं एकमेकांकडे तोंड करून, मध्ये अंगण राहील असं, म्हणजे रात्री रडलेलं पोर कोणाचं ते लगेच कळतं. शेकोटीची जागा टेंटपासून निदान पंधरा पावलं, वारा टेंटकडून शेकोटीकडे जाईल अशी. स्वयंपाक ह्या दोन्हींपासून थोडा बाजूला.

मग शौचाची जागा. ह्या विषयावर लोक लाजतात आणि बायकांचे हाल होतात. पाण्यापासून आणि टेंटपासून सत्तर-ऐंशी पावलं लांब, दोन झाडांना दोरी बांधून जुन्या साड्यांचा आडोसा, आत एक खुरपं, पाण्याची बादली, मग, साबणाची वडी मोज्यात घालून टांगलेली. प्रत्येकाने वीतभर खोल खड्डा करायचा आणि वरून माती लोटायची. पॅड, डायपर, वेट वाइप्स पुरायचे नाहीत, वेगळ्या काळ्या पिशवीत बांधून परत आणायचे. आमच्या वहिनी पहिल्या ट्रिपला दिवसभर पाणीच प्यायल्या नाहीत ह्या एका भीतीपायी, आणि संध्याकाळी डोकं धरून बसल्या. आता साडीचा आडोसा त्याच बांधतात, आणि आत आरसा पण लावतात.

हे सगळं दीडपर्यंत होतं. दुपारचं जेवण घरून आणलेलं, पुऱ्या, बटाट्याची भाजी, लोणचं, संपलं. दुपार पोरांची. तेव्हा त्यांना एक फेरी मारून हद्द दाखवा: ह्या झाडापासून त्या बांधापर्यंत, आणि जिथून टेंट दिसत नाही तिथे एकटं जायचं नाही. शिट्टी तीनदा वाजली की असेल तिथून परत यायचं. दोनदा खेळातच प्रॅक्टिस करा.

एक गोष्ट खास सांगते, खाजकुइली. हिंदीत केवाच म्हणतात. हिवाळ्यात वेलीला तपकिरी, मखमली शेंगा लोंबतात, पोरांना हात लावावासा वाटतोच, आणि त्याची लव अंगाला लागली की आग-आग होऊन माणूस नाचतो. चोळायचं नाही, चोळलं की पसरते. चिकटपट्टी लावून ओढा, लव निघून येते, मग धुवा. कपडे लगेच बदला आणि वेगळ्या पिशवीत बांधा.

चार वाजता सगळ्यांनी उबदार कपडे चढवायचे, थंडी वाजायच्या आधी. पाचला सगळे टॉर्च गळ्यात. साडेपाचपर्यंत अंथरुणं घालून तयार. अंधारात एकही वस्तू शोधायला लागता कामा नये, हा आमच्या ग्रुपचा एकमेव नियम आहे.

दाल-बाफले, पण अर्धे घरी

रात्री दाल-बाफले हवेतच, त्याशिवाय माळव्यात कॅम्पिंग कसलं. पण बाफले म्हणजे कणकेचे गोळे, आधी उकळायचे आणि मग भाजायचे, म्हणजे तिथे एवढं मोठं पातेलं, एवढं पाणी, एवढा गॅस. लोक म्हणून बाट्या करतात. आमची युक्ती अशी की उकळण्याचं काम शनिवारी सकाळी घरीच. बारा जणांना दीड किलो जाडसर कणीक, पाव किलो मक्याचं पीठ, वाटीभर तुपाचं मोहन, ओवा, हळद, मीठ, थोडं दही, घट्ट मळून गोळे करायचे, उकळत्या पाण्यात सोडायचे, वर तरंगून आले आणि अजून थोडा वेळ शिजले की काढून कापडावर पसरायचे. पूर्ण गार आणि कोरडे झाल्यावरच डब्यात, नाहीतर चिकट होतात. तूरडाळ पण घरी कुकरमध्ये घट्ट शिजवून तसाच कुकर उचलायचा, तिथे फक्त गरम पाणी घालून फोडणी आणि चांगली दणदणीत उकळी. 

आता कंडे, म्हणजे गोवऱ्या. पंचवीस-तीस कंडे न्या. शेतकरी दादांकडे असतातच, पण आधी बोलून ठेवा. जागा हातभर नाही, चांगली तीन-चार पावलं चारही बाजूंनी झाडून पाचोळा साफ करायचा, जवळ दोन बादल्या पाणी भरून. सव्वापाचला कंडे पेटवायचे, उजेड असतानाच. धूर आणि ज्वाळा शांत होऊन लाल निखारे व्हायला पाऊण तास जातो, आणि तेच घाईचे लोक चुकवतात, ज्वाळेवर बाफले ठेवतात आणि मग बाहेरून कोळसा, आत कणीक. निखाऱ्यावर राख दिसायला लागली की बाफले ठेवा, वीस-पंचवीस मिनिटं उलटत राहा, तडा गेला की झालं. फडक्यात घेऊन राख झटका आणि तुपात बुडवा. तूप कमी करायचं असेल तर घरी बसा. पोरांसाठी दोन-तीन बाफले कुस्करून गूळ-तूप घालून चुरमा, बरोबर लसणाची चटणी, कांदा. साडेसहा-पावणेसातला जेवण सुरू, म्हणजे पोरं भुकेने किरकिर करायच्या आत.

शेकोटीचं लाकूड शहरातल्या टालीवरून, म्हणजे वखारीतून नेलेलं. जंगलातून तोडायचं नाही, वाळलेलं ओढून आणायचं पण नाही, त्यात विंचू असतात. पाच लिटर दुधाचा चहा-कॉफी करायला पाच किलोचा छोटा गॅस सिलेंडर आणि शेगडी असली की झालं.

रात्र

आठ वाजता सगळं आवरून झालेलं असतं आणि तरी अजून अकरा तास अंधार शिल्लक आहे. इथे प्लॅन लागतो. आमच्याकडे क्रम ठरलाय: आधी भेंड्या, ज्यात सासूबाई अजून हरलेल्या नाहीत. मग आकाश. डिसेंबरात आठच्या सुमारास पूर्वेला मृग वर आलेला असतो, तीन ताऱ्यांचा बाण ओळीत, तो बाण वरच्या दिशेला वाढवला की तांबूस रोहिणी, अजून पुढे कृत्तिकांचा झुबका, आणि खालच्या दिशेला थोड्या वेळाने उगवणारा झगझगीत व्याध. चंद्र असला तरी हे सगळे दिसतात. मग एक जण गोष्ट सांगतो, पण भुताची नाही. हा नियम आमच्या ह्यांनी एकदा मोडला आणि रात्रभर तीन पोरं आमच्याच टेंटमध्ये. साडेनऊला दूध आणि झोप.

मोठ्यांच्या "पार्टी"बद्दल माझं स्पष्ट मत आहे, ज्यांना ती करायची त्यांनी वेगळी ट्रिप काढावी. निदान दोन ड्रायव्हर रात्रभर पूर्ण शुद्धीत लागतात. एक गाडी रस्त्याकडे तोंड करून, रिकामी, किल्ली ठरलेल्या जागी, सगळ्यांना माहीत.

टेंटमध्ये निखाऱ्यांची शेगडी नेऊ नका. दहा मिनिटंसुद्धा नाही, कितीही थंडी असो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. टेंटच्या वरच्या जाळीच्या खिडक्या पण थोड्या उघड्याच ठेवायच्या, नाहीतर चार माणसांच्या श्वासाचं पाणी होऊन पहाटे छतावरून टपटप पडतं आणि लोकांना वाटतं टेंट गळतोय. दाराची झिप मात्र प्रत्येक वेळी, आत गेलं तरी आणि बाहेर आलं तरी, पूर्ण बंद. चपला-बूट आत, सकाळी झटकूनच पाय घालायचा.

झोपण्याआधी खरकटं, तेल सांडलेले कागद, चिप्सची उघडी पाकिटं सगळं डब्यात आणि डबे गाडीत, काचा बंद. माकडं पहाटेच येतात आणि त्यांना झिप उघडता येते, हसू नका. ह्या पट्ट्यात बिबटे आहेत, आणि २०२३ मध्ये तर महूच्या आसपास वाघ फिरत होता. घाबरून घरी बसायची गरज नाही, बारा माणसांच्या आवाजाजवळ ते सहसा येत नाहीत, पण पाळीव कुत्रा बरोबर नेऊ नका, बिबट्याला कुत्रं फार आवडतं. पोरांना रात्री शौचाला एकटं पाठवायचं नाही, दोन मोठे, टॉर्च, बोलत बोलत.

काही झालंच तर

प्रथमोपचाराच्या डबीत ओआरएस, पॅरासिटामॉल (पोरांचा डोस डॉक्टरांना विचारून कागदावर लिहिलेला), अॅलर्जीची गोळी, बीटाडीन, पट्ट्या, चिमटा, क्रेप बँडेज दोन, प्रत्येकाची रोजची औषधं.

साप हिवाळ्यात कमी दिसतात, पण नसतात असं नाही. मण्यार रात्री फिरतो आणि त्याचा दंश बरेचदा दुखतसुद्धा नाही, म्हणून जमिनीवर उघड्यावर झोपणं नकोच. चावल्यास कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरीने आवळून बांधायचं नाही, जडीबुटीवाल्याकडे जायचं नाही. माणसाला चालू देऊ नका, चावलेला हात किंवा पाय काठी लावून हलणार नाही असा ठेवा, अंगठी-कडं काढा आणि गाडी सुरू करा. साप पकडायच्या मागे लागू नका. १०८ ला अॅम्ब्युलन्स, ११२ ला पोलीस. अँटीव्हेनम (सापाच्या विषावरचं औषध) महूच्या बाजूला कुठे मिळतं आणि इंदूरच्या एमवाय हॉस्पिटलला पोचायला किती वेळ लागेल, हे निघायच्या आधी फोन करून, विचारून, कागदावर लिहून गाडीत चिकटवा. आणि घरी थांबलेल्या एका माणसाला जागेचं लोकेशन, शेतकऱ्याचा नंबर आणि रविवारी कितीला परतणार ते कळवून ठेवा.

रविवार

सकाळी सातपर्यंत कोणाला टेंटबाहेर यायची हिंमत होत नाही. आधी चहा. पोहे आपल्या इंदुरी पद्धतीचेच करा कारण कॅम्पिंगला तीच पद्धत सोयीची आहे: जाडे पोहे धुऊन निथळवायचे, हळद-मीठ-साखर लावायची, मोहरी-सोपची (बडीशेपेची) छोटी फोडणी, आणि उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर चाळणीत वाफवायचे. करपत नाहीत, उशिरा उठणाऱ्यांसाठी गरम राहतात, आणि खालचं पाणी भांडी धुवायला. वरून कांदा, शेव, जीरावण (पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला). जलेबीचा नाद सोडा.

दहाला आवरायला घ्या. शेकोटी पाणी ओतून, काठीने ढवळून, परत पाणी ओतून, हात लावल्यावर गार लागेपर्यंत. वरून नुसती माती लोटली की आत निखारा दोन-दोन दिवस जिवंत राहतो. मग सगळ्यांनी एका ओळीत उभं राहून जागेवरून चालत जायचं आणि दिसेल तो कागद, बिल्ला, खिळा उचलायचा. शहरात गीला-सूखा वेगवेगळं करणारे, स्वच्छतेत नंबर वन म्हणून छाती फुगवणारे अपण, आणि चोरलच्या काठावर डिस्पोजलच्या प्लेटी कोण टाकतं हो? ओला कचरा दादांना विचारून त्यांच्या उकिरड्यावर, बाकी सगळ्या पिशव्या घरी, सोमवारी सकाळी कचऱ्याच्या गाडीत.

परतताना वेळ असेल आणि हेरिटेज ट्रेनचं टाइमटेबल जुळत असेल तर पोरांना पातालपाणी ते कालाकुंड फिरवून आणा, घाटातून जाणारी मीटर गेजची गाडी आहे, २०१८ च्या डिसेंबरात सुरू झाली, आणि कालाकुंडला पानावर मिळणारा कलाकंद खाल्ल्याशिवाय उतरल्याचा काही उपयोग नाही.

घरी आल्यावर कितीही कंटाळा आला तरी टेंट त्याच दिवशी गच्चीवर उघडून टाका. दवाने ओला असलेला टेंट गुंडाळून ठेवला की आठ दिवसांत बुरशीचे काळे ठिपके येतात आणि भाड्याचा असला तर पैसे कापतात. गोधड्यांना दोन दिवस ऊन दाखवा. आणि पोरांचे मोजे मशीनमध्ये टाकायच्या आधी उलटे करून बघा. एका वेळी आमच्याकडे खाजकुइलीची लव त्यातून सगळ्या घराच्या कपड्यांना लागली होती, आणि सोमवारी हे ऑफिसच्या मीटिंगमध्ये खाजवत बसले होते.